एटनाच्या पायथ्याशी तीन धर्मगुरू

शाळेच्या भूगोलात ज्वालामुखींचे तीन प्रकार आपण सर्वांनी पाठ केलेले आहेत : जागृत, निद्रिस्त आणि मृत. उत्तरपत्रिकेत चार ओळी लिहिल्या की विषय संपतो. परंतु ज्यांची घरे, द्राक्षमळे, शाळा आणि चर्चदेखील जागृत ज्वालामुखीच्या उतारावरच उभी आहेत, त्यांच्या लेखी तो परीक्षेचा नव्हे, नित्याच्या जगण्याचा विषय असतो. इटलीच्या दक्षिणेस असलेल्या सिसिली बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील एटना हा असा पर्वत आहे. त्याची उंची सुमारे ३,३५० मीटर. प्रत्येक उद्रेकागणिक शिखराची राख-दगडांची रास वाढते वा ढासळते, म्हणून ही उंची कधीच कायम राहत नाही. त्याच्या पायथ्याशी कातानिया हे मोठे शहर आहे आणि उतारांवर शेकडो वर्षांपासून गावे वसलेली आहेत.

या पर्वताचा इतिहास वाचताना आम्हांला तीन धर्मगुरू भेटले. एकाने वाहत्या लाव्ह्याच्या काठावर पहार चालवली. दुसऱ्याने एका खड्ड्यातील दगडमातीचे थर मोजले. तिसऱ्याने एका रक्तसाक्षी कुमारीचे अवगुंठन हाती धरून लाव्ह्याच्या दिशेने पावले टाकली. तिघेही एकाच ख्रिस्तसभेचे सेवक आणि तिघांसमोर एकच अग्नी. आपत्ती कोसळली असता श्रद्धावंताने काय करावे आणि धर्मगुरूने लोकांना काय सांगावे, हा प्रश्न आपल्यालाही चुकलेला नाही. म्हणून या तिघांची कथा येथे मांडावी असे आम्हांस वाटले. परंतु त्याआधी पर्वताचीच ओळख करून घेऊ.

पर्वताचा जन्म

आपल्या पायाखालचे भूकवच अखंड नाही. ते अनेक भूपट्टांचे बनलेले असून हे भूपट्ट वर्षाला काही सेंटीमीटर इतक्या संथ गतीने सरकत असतात. आफ्रिकेचा भूपट्ट युरोपच्या भूपट्टाकडे सरकतो आहे आणि सिसिली या दोहोंच्या सीमेवर आहे. या रेटारेटीत जेथे भूकवच ताणले व चिरले जाते, तेथे खालच्या प्रावरणावरील दाब कमी होतो. प्रावरणाचा खडक तप्त असूनही प्रचंड दाबामुळे घन राहिलेला असतो. दाब घटताच त्याचा काही अंश वितळतो. हा वितळलेला शिलारस सभोवतालच्या खडकापेक्षा हलका असल्यामुळे वर चढू लागतो. त्यात पाण्याची वाफ, कर्बवायू व गंधकाचे वायू विरघळलेले असतात. वर येताना दाब आणखी कमी झाला की सोड्याच्या बाटलीचे बूच काढावे तसे हे वायू फसफसून बाहेर पडतात आणि शिलारसाला आपल्याबरोबर वर फेकतात. यालाच आपण उद्रेक म्हणतो. बाहेर आलेल्या शिलारसाला लाव्हा असे नाव आहे. एटनाचा लाव्हा बाहेर पडताना हजार अंश सेल्सिअसपेक्षाही अधिक तप्त असतो.

एटनाचा जन्म सुमारे पाच लाख वर्षांपूर्वी समुद्रात झाला. त्या काळी आजच्या पर्वताच्या जागी उथळ आखात होते. पाण्यात ओतलेला लाव्हा झटकन थंड होऊन उशांच्या आकाराचे गोळे तयार होतात. आची कास्तेल्लो या गावी नॉर्मन काळातील किल्ला ज्या खडकावर उभा आहे, तो अशाच उशांचा बनलेला आहे. पुढे जमीन वर उचलली गेली, उद्रेकाची केंद्रे सरकत गेली आणि एकावर एक ज्वालामुखी उभे राहिले. त्यांतील एक महाकाय शंकू सुमारे १५,००० वर्षांपूर्वी मोठ्या स्फोटांनंतर खचला आणि त्याच्या अवशेषांवर आजचा एटना वाढला. पूर्वेकडे पर्वताची कूस ढासळून 'वाल्ले देल बोव्हे', म्हणजे बैलाची दरी, ही विस्तीर्ण घळ निर्माण झाली. या दरीचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून वाचकांनी तिचे नाव ध्यानात ठेवावे.

एटनाला एकच मुख नाही. शिखरावर चार विवरे आहेत. त्यांतील तीन तर विसाव्या शतकात, १९११, १९६८ व १९७१ या साली उघडली. शिवाय उतारांवर शेकडो लहान शंकू आहेत. शिखरावरचे उद्रेक डोळ्यांना भव्य दिसतात, पण गावांना खरे भय असते ते कुशीवर पडणाऱ्या भेगांचे. भेग जितकी खाली, तितका लाव्हा वस्तीच्या जवळ.

ग्रीकांनी या पर्वताखाली तायफन नावाचा राक्षस गाडलेला आहे असे मानले, तर कोणी येथे देवांच्या लोहाराची भट्टी पाहिली. अरबांच्या राजवटीत त्याला 'जबल', म्हणजे पर्वत, हा शब्द चिकटला. लॅटिनमधील 'मोन्स' आधीचाच होता. त्यातून 'मोंजिबेल्लो', म्हणजे 'पर्वत पर्वत', असे गमतीदार नाव रूढ झाले. सिसिलीचा शेतकरी मात्र त्याला नुसते 'डोंगर' म्हणतो, आणि त्याच्या बोलीत हा शब्द स्त्रीलिंगी आहे. राखेच्या मातीत द्राक्षे, लिंबे, पिस्ते आणि चेस्टनट जोमाने वाढतात. जो पर्वत घर जाळतो तोच भाकरी देतो. म्हणूनच लोक पुनःपुन्हा तेथेच परततात.

पहार घेतलेला धर्मगुरू

इ. स. १६६९ च्या मार्च महिन्यात दक्षिण उतारावरील निकोलोसी गाव भूकंपाच्या धक्क्यांनी उद्ध्वस्त झाले. ११ मार्च रोजी गावाजवळ जमीन फाटली आणि पुढे चार महिने, ११ जुलैपर्यंत, लाव्हा वाहत राहिला. भेगेच्या मुखाशी उभ्या राहिलेल्या जोड टेकड्यांना आज 'मोंती रोस्सी', म्हणजे तांबडे डोंगर, म्हणतात. वाटेतील अनेक गावे गाडत हा प्रवाह एप्रिलमध्ये कातानियाच्या तटाला येऊन भिडला. काही काळ तटाने त्याला थोपवले. मग पश्चिमेकडे लाव्हा तटावरून आत शिरला, बेनेडिक्टाइन मठाला त्याने वेढा दिला आणि शेवटी तो समुद्राला मिळाला. समुद्रकाठचा उर्सिनो किल्ला लाव्ह्याने भरून आलेल्या नव्या जमिनीमुळे किनाऱ्यापासून दूर पडला. तो आजही तसाच आहे.

या संकटात दिएगो पाप्पालार्दो हे नाव पुढे येते. इटालियन लेखक त्यांची ओळख पेदारा गावचे धर्मगुरू अशी करून देतात. लाव्ह्याचा प्रवाह त्यांनी बारकाईने पाहिला असला पाहिजे. वाहताना लाव्ह्याच्या कडा आधी थंड होतात व घट्ट होतात. दोन्ही बाजूंना दगडी बांध तयार होतात आणि मधून अग्नीचा कालवा वाहत राहतो. हा बांध वरच्या बाजूला फोडला, तर प्रवाह बाजूला वळेल आणि पुढचा भाग उपाशी राहून थांबेल, असा त्यांचा तर्क होता. पन्नासएक माणसे बरोबर घेऊन, अंगावर पाण्याने भिजवलेली कातडी पांघरून, लोखंडी पहारींनी त्यांनी बांधाला भोक पाडले. तर्क खरा ठरला. लाव्हा नव्या वाटेने वाहू लागला.

परंतु ती नवी वाट पातेर्नो गावाच्या दिशेने जात होती. पातेर्नोचे शेकडो लोक हत्यारे घेऊन धावून आले आणि त्यांनी कातानियाच्या माणसांना हाकलून लावले. फोडलेला बांध थोड्याच वेळात पुन्हा थिजून बुजला आणि लाव्हा जुन्याच वाटेने कातानियाकडे निघाला. वाहत्या लाव्ह्याला वळवण्याचा हा इतिहासातील पहिला सुविख्यात प्रयत्न मानला जातो.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना द्विविध परिणामाचे तत्त्व आम्ही अभ्यासले होते. एका कृतीतून चांगला व वाईट असे दोन्ही परिणाम होणार असतील, तर कृती स्वतः वाईट नसावी, वाईट परिणाम हेतू नसावा, वाईटातून चांगले साधलेले नसावे, आणि चांगल्याच्या मानाने हानी अवाजवी नसावी, अशा त्याच्या कसोट्या आहेत. पाप्पालार्दोंचा हेतू पातेर्नो जाळण्याचा नव्हता. मोठे शहर वाचवायचे होते. तरीही आमचे मन पातेर्नोच्या माणसांना दोषी ठरवायला धजत नाही. ज्यांच्या शेतावर अग्नी सोडला जाणार होता त्यांना कोणी विचारले होते? त्यांना कोठे हलवायचे, त्यांची भरपाई कोणी करायची, याचा विचार कोणी केला होता? स्वतःच्या दारातील संकट शेजाऱ्याच्या दारात लोटणे म्हणजे संकटनिवारण नव्हे. आज पुराचे पाणी, गावाचा कचरा आणि कारखान्याचे सांडपाणी कोणाच्या दिशेने सोडायचे यावर जे तंटे होतात, त्यांत पातेर्नोचाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा असतो.

त्या वर्षी कातानियात संत अगाथेच्या अवशेषांची मिरवणूकही निघाली होती. तरीही शहराचा पश्चिम भाग गाडला गेला. आणि २४ वर्षांनी, ११ जानेवारी १६९३ रोजी, आग्नेय सिसिलीत जो भूकंप झाला त्याने सुमारे ६०,००० बळी घेतले. कातानियाचे कॅथेड्रल कोसळले आणि आत प्रार्थनेसाठी जमलेले लोक त्याखाली चिरडले गेले. इतिहास लिहिताना या गोष्टी झाकून ठेवता येत नाहीत.

थर मोजणारा धर्मगुरू

दुसरे धर्मगुरू जुझेप्पे रेकुपेरो. जन्म १७२०, मृत्यू १७७८. ते कातानियाच्या कॅथेड्रलच्या धर्ममंडळाचे सदस्य होते आणि एटनाचा अभ्यास हे त्यांचे जीवितकार्य होते. त्यांचा एटनाविषयीचा मोठा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १८१५ साली प्रसिद्ध झाला. परंतु युरोपभर त्यांचे नाव गाजले ते पॅट्रिक ब्रायडन या स्कॉटिश प्रवाशामुळे. ब्रायडन १७७० साली सिसिलीत आला आणि १७७३ साली त्याने आपले प्रवासवर्णन छापले. त्यात तो लिहितो की, आची येथील एका खोल खड्ड्यात रेकुपेरोंना लाव्ह्याचे सात थर एकावर एक आढळले आणि त्यांच्यामध्ये सुपीक मातीचे थर होते. लाव्ह्याचा दगड झिजून त्यावर माती साचायला, रेकुपेरोंच्या अंदाजाप्रमाणे, दोन हजार वर्षे लागतात. मग सात थरांना १४,००० वर्षे! त्या काळी बायबलमधील वंशावळींवरून जगाचे वय सुमारे सहा हजार वर्षे धरले जात असे. या हिशेबाने रेकुपेरो अस्वस्थ झाले आणि मोशेपेक्षा अधिक ज्ञानी होण्याचा आव आणू नये, अशी ताकीद बिशपांनी त्यांना दिली, असे ब्रायडन सांगतो.

ब्रायडन गोष्ट रंगवून सांगणारा होता आणि पुढील काही लेखकांनी या प्रसंगाच्या खरेपणाविषयी शंका घेतली आहे. रेकुपेरोंचा हिशेबही बिनचूक नव्हता. राखेवर माती लवकर तयार होते, कठीण लाव्ह्यावर फार उशिरा. त्यामुळे प्रत्येक थराला सारखीच वर्षे देता येत नाहीत. पण त्यांची रीत बरोबर होती : डोळ्यांनी दिसणाऱ्या मंद क्रियेवरून न दिसणाऱ्या काळाचा अंदाज बांधणे. पुढे चार्ल्स लायेल १८२८ साली एटनावर आला, तेव्हा त्यानेही पर्वताच्या उभारणीवरून काळाचे अफाट माप वाचले. आज पाच लाख वर्षांचा आकडा आपण सहज लिहितो. त्यापुढे रेकुपेरोंची १४,००० वर्षे म्हणजे कालची गोष्ट.

आपल्या सह्याद्रीला हा अनुभव परका नाही. दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याच्या थरांनी बनले आहे. घाटातून जाताना काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये कोठे कोठे विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. तो एका उद्रेकानंतर दुसरा उद्रेक होईपर्यंत कातळ झिजून बनलेल्या मातीचा थर आहे. वर आलेल्या लाव्ह्याने ती माती भाजून निघाली आहे. रेकुपेरोंनी खड्ड्यात जे वाचले ते आपल्या घाटांच्या कड्यांवर उघडे लिहिलेले आहे. वसईच्या किल्ल्यातील काळा पाषाणही त्याच कातळाचा. आपला ज्वालामुखी मृत झाला, एटना जागृत आहे, एवढाच फरक.

अशा शोधांनी श्रद्धा डळमळते काय? उत्पत्तीचे पुस्तक परमेश्वर निर्माता आहे हे सांगते. खडकांचे वय सांगण्याचा त्याचा हेतू नाही. पोप बारावे पायस यांनी १९४३ साली आपल्या परिपत्रकात पवित्र लेखकांची लेखनशैली व साहित्यप्रकार ध्यानात घेऊन बायबल समजून घ्यावे असे शिकवले आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली त्याच शिकवणुकीला अधिकृत रूप दिले. रेकुपेरोंना हा आधार उपलब्ध नव्हता. तरी त्यांनी ना खड्डा बुजवला, ना धर्मवस्त्र उतरवले. त्यांच्या या मूक प्रामाणिकपणाला आम्ही मोठे मानतो.

अवगुंठन धरलेला धर्मगुरू

संत अगाथा ही कातानियाची कुमारी. सम्राट देसियसच्या छळात इ. स. २५१ साली, ५ फेब्रुवारीला, तिने रक्तसाक्ष दिली. परंपरा सांगते की, पुढच्याच वर्षी एटनाचा लाव्हा शहराकडे येऊ लागला, तेव्हा लोकांनी तिच्या कबरीवरील अवगुंठन नेऊन प्रवाहासमोर धरले आणि तिच्या स्मृतिदिनीच लाव्हा थांबला. तेव्हापासून ते तांबडे अवगुंठन शहराचे अग्नीपासून रक्षण करणारे मानले जाते.

१८८६ च्या मे महिन्यात निकोलोसीच्या वर पुन्हा भेग पडली. लाव्हा गावाकडे सरकू लागला. कातानियाचे आर्चबिशप त्या वेळी जुझेप्पे बेनेदेत्तो दुस्मेत होते. १८१८ साली जन्मलेले हे बेनेडिक्टाइन, १६६९ च्या लाव्ह्याने ज्या मठाला वेढा दिला होता त्याच मठाचे मठाधिपती राहिलेले. २४ मे रोजी ते अवगुंठन घेऊन निकोलोसीला गेले आणि लोकांसह प्रार्थना करीत लाव्ह्यासमोर उभे राहिले. पुढील काही दिवसांत प्रवाह मंदावला आणि गावापासून अवघ्या काहीशे मीटरांवर थिजला.

येथे दोन मोह होतात. एक, हे निव्वळ योगायोगाचे आहे असे म्हणून हसण्याचा. दुसरा, प्रत्येक वेळी असेच होईल असे लोकांना सांगण्याचा. भेगेतून होणारा पुरवठा संपला की लाव्हा थांबतो, हे खरे आहे. १६६९ साली प्रार्थना होऊनही तो थांबला नाही, हेही खरे आहे. ख्रिस्तसभा आपल्याला प्रार्थना करायला सांगते, परमेश्वराला वेठीस धरायला सांगत नाही. दुस्मेत यांच्या कृतीचे मोल लाव्हा कोठे थांबला यावर ठरत नाही, असे आम्हांस वाटते. घर सोडून निघालेल्या शेतकऱ्यांच्या आणि अग्नीच्या मध्ये त्यांचा मेंढपाळ येऊन उभा राहिला, हे त्या दिवशी घडले आणि त्याला कोणी योगायोग म्हणू शकत नाही. हेच दुस्मेत कॉलऱ्याच्या साथींत रोग्यांच्या खाटेशी उभे होते आणि स्वतःजवळचे सारे गरिबांना वाटून टाकीत होते. १८८९ साली ते कार्डिनल झाले, १८९४ साली निवर्तले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २५ सप्टेंबर १९८८ रोजी त्यांना धन्यवादित घोषित केले.

पुढची शंभर वर्षे

१९२८ च्या नोव्हेंबरमध्ये लाव्ह्याने मास्काली हे गाव जवळजवळ संपूर्ण गाडले. लोक सामानसुमानासह आधीच बाहेर पडले होते. गाव गेले, माणसे वाचली. एटनाचा लाव्हा बहुधा चालत्या माणसापेक्षाही संथ असतो. तो घर घेतो, जीव क्वचितच घेतो. जीव जातात ते शिखराजवळच्या अकस्मात स्फोटांत. १९७९ च्या सप्टेंबरमध्ये अशाच एका स्फोटात नऊ पर्यटक मृत्युमुखी पडले.

१४ डिसेंबर १९९१ रोजी सुरू झालेला उद्रेक ४७३ दिवस चालला. बैलाच्या दरीतून खाली उतरलेला लाव्हा झाफेराना गावाकडे निघाला. आधी मातीचा मोठा बांध घालण्यात आला. एप्रिलमध्ये लाव्हा त्यावरून ओसंडला. वरचे कवच थिजून प्रवाह नैसर्गिक बोगद्यातून वाहत होता. आत उष्णता राखली गेल्याने तो दूरवर पोहोचत होता. अखेर २७ मे १९९२ रोजी वरच्या बाजूस सुरुंग लावून बोगद्याची भिंत फोडण्यात आली आणि लाव्हा शेजारी खणून ठेवलेल्या पाटात वळला. तो वाहिला बैलाच्या निर्जन दरीत. झाफेराना वाचले. पाप्पालार्दोंचा ३२३ वर्षांपूर्वीचा तर्क खरा ठरला, आणि या वेळी वाटेत पातेर्नो नव्हते. द्विविध परिणामाच्या कसोटीला उतरेल अशी ती कृती होती.

गावाच्या वर जेथे लाव्हा थांबला, तेथे लोकांनी मरियामातेची मूर्ती बसवली. काही जण याला विसंगती म्हणतील : वाचवले इंजिनिअरांनी, मूर्ती मात्र मरियामातेची! आम्हांस त्यात विसंगती दिसत नाही. ज्या हातांनी पाट खणला त्या हातांना बुद्धी व बळ कोणी दिले, याची जाणीव ठेवणे म्हणजे कृतज्ञता.

सिलोआमचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी होती असे समजू नका, असे प्रभू येशूने लूकच्या शुभवर्तमानात स्पष्ट सांगितले आहे. तरीही भूकंप, पूर वा वादळ आले की हा देवाचा कोप आहे असे बोलणारे आपल्यातही निघतात. एटनाच्या तिन्ही धर्मगुरूंनी आपापल्या परीने याला उत्तर दिलेले आहे. आपत्तीत सापडलेल्यांना त्यांची पापे मोजून दाखवण्याऐवजी एकाने पहार उचलली, एक जण आपद्ग्रस्तांच्या पुढे जाऊन उभा राहिला आणि तिसऱ्याने पर्वत समजून घेण्यात आयुष्य घालवले.

२ जून २०२५ रोजी एटनाच्या आग्नेय विवराची कड ढासळली आणि तप्त राख व वायूंचा लोट बैलाच्या दरीच्या दिशेने उतरला. डोंगरावरील पर्यटकांना पळ काढावा लागला, जीवितहानी मात्र झाली नाही. कातानियाच्या वेधशाळेत जमिनीचा कंप, उतारांचा फुगवटा आणि वायूंचे प्रमाण अहोरात्र मोजले जाते. त्याच शहरात दर वर्षी ५ फेब्रुवारीला संत अगाथेची मिरवणूक निघते आणि लाखो लोक तीत चालतात. वेधशाळेत रात्रपाळी करणाऱ्यांच्या घरची माणसेही त्या गर्दीत असणारच.